इंटरनेट, मु. पो. सिडको

कन्नडचा घाट चाळीसगावच्या दिशेने उतरायला लागलं की मध्येच फोनची रेंज जाते. फोन लागत नाही, मेसेज जात नाही, चालू गाणं अडकून पडतं. नकाशावरचा निळा ठिपका मात्र वळणं घेत खाली उतरतच राहतो. त्या ठिपक्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की रेंज नसताना हा कसा काय चालतो, असं कुणी विचारतही नाही.

विचारलंच तर उत्तर चक्रावून टाकणारं आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून नुसते बोलत असतात. तुमच्या फोनचं त्यांना काहीच ऐकू येत नाही. ‘मी अमुक उपग्रह, मी आत्ता इथे आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत’, एवढाच त्यांचा अखंड जप. हा निरोप जमिनीवर पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निदान चार उपग्रहांचे निरोप किती किती उशिरा आले, यावरून तुमचा फोन स्वतःच हिशेब करतो आणि स्वतःची जागा शोधतो. घाटात तुम्ही नेमके कुठल्या वळणावर आहात हे त्या क्षणी जगातल्या एकाच वस्तूला ठाऊक असतं, आणि ती तुमच्या खिशात असते.

मग आपण रविवारी कुठे जेवलो, कुठल्या दवाखान्यात किती वेळ बसलो, हे कंपन्यांना कसं कळतं? खिशातली वस्तूच सांगते. जागा शोधायला कुणाला काही सांगावं लागत नाही. ते सांगितलं जातं वेगळ्या कारणासाठी. एवढं एकदा लक्षात आलं की फोनमधल्या प्रत्येक सोयीला एक खोडसाळ प्रश्न विचारायची सवय लागते: बाई गं, या कामासाठी तुला इतक्या लांब जायची खरंच गरज आहे का?

नकाशाचंच बघू. रस्ता शोधण्याचं काम फोनला सहज झेपतं. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाला १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, होणाऱ्या बायकोबरोबर कॉफी पिताना, सर्वांत जवळचा रस्ता काढायची रीत सुचली. हाताशी कागद-पेन्सिलही नव्हती आणि वेळ लागला वीसेक मिनिटं. १९५९ मध्ये ती छापून आली आणि आज रस्ता दाखवणारी अ‍ॅप्स तिचीच लेकरं-नातवंडं वापरतात. ऑर्गॅनिक मॅप्स नावाचं एक फुकट अ‍ॅप आहे. त्यात महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून घेतला की क्रांती चौकातून वेरूळला कसं जायचं हे फोन एअरप्लेन मोडवर असतानाही कळतं. जाहिरात नाही, पाळत नाही. जालना रोडवर आत्ता किती गर्दी तुंबली आहे, हे मात्र त्याला सांगता येत नाही. ते कळायला हजारो लोकांचे ठिपके एका जागी गोळा व्हावे लागतात. म्हणजे एकाच नकाशात दोन कामं आहेत. रस्ता घरच्या घरी निघतो, गर्दी नाही निघत. हा फरक आपल्याला कुणी समजावून सांगत नाही, कारण दोन्ही कामं एकाच बटणामागे असतात.

या अ‍ॅपमागचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. स्टीव्ह कोस्ट या इंग्रज तरुणाने २००४ मध्ये तो सुरू केला, आणि विकिपीडियासारखा तो कुणालाही दुरुस्त करता येतो. नकाशा कुणाचा, हा प्रश्न आपल्या शहराला वेगळा समजावून सांगायला नको. २९ जून २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने औरंगाबादचं नाव बदलायचा ठराव केला, १६ जुलैला नव्या सरकारने तो ‘छत्रपती संभाजीनगर’ असा पुन्हा केला, आणि केंद्राची मंजुरी आली २४ फेब्रुवारी २०२३ ला. पण गुगलच्या नकाशावर नवं नाव जुलै २०२२ मध्येच झळकलं. कुठल्या आधारावर, अशी जाहीर विचारणा तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांनी केली. नावाच्या वादात तुम्ही कुठल्याही बाजूला असा. शहराचं नाव आज काय दिसावं हे ठरवणारा हात आपल्यापैकी कुणाला दिसला नाही, एवढं तर खरं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एका ठिकाणाला नावांचे अनेक रकाने असतात: चालू नाव, मराठी नाव, उर्दू नाव, जुनं नाव, पर्यायी नाव. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद कायम राहते आणि ती कुणालाही वाचता येते. भांडणं तिथेही होतात. पण चव्हाट्यावर होतात.

आता घरातली गोष्ट. दिवाळीत हॉलमध्ये बसून तुम्ही बहिणीला फोटो पाठवता. ती तुमच्या शेजारीच बसली आहे. फोटो तुमच्या राउटरमधून निघतो, साडेतीनशे किलोमीटरवरच्या मुंबईकडे धावतो, कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये उतरतो आणि तसाच उलट्या पावली सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला येतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर पळतो. मुंबई त्याच्या हिशेबात सेकंदाच्या दोन हजारांशाइतकीही लांब नाही. म्हणून हा सगळा द्राविडी प्राणायाम आपल्याला जाणवतही नाही. लोकलसेंड किंवा सिंकथिंगसारखं अ‍ॅप असेल तर तोच फोटो घरातल्या वायफायवरून थेट पलीकडच्या फोनमध्ये जातो. इंटरनेट बंद असलं तरी.

यापुढची पायरी म्हणजे घरात स्वतःचा सर्व्हर ठेवणं, ज्याला जाणकार ‘सेल्फ-होस्टिंग’ म्हणतात. शब्द अवजड असला तरी संभाजीनगरकराला कल्पना नवी नाही. जायकवाडीचं पाणी नळाला कोणत्या दिवशी येईल याचा भरवसा नाही, म्हणून आपण खाली हौद बांधतो, गच्चीवर टाकी ठेवतो, मोटर बसवतो, जमलं तर बोअर घेतो. नळ कुणी तोडून टाकत नाही. साठा मात्र आपला, चावी आपली आणि टाकी धुण्याची कटकटही आपलीच. माहितीच्या बाबतीत नेमकं हेच करायचं असतं, आणि त्यातली धुण्याची कटकट विसरणाऱ्यांचं पुढे काय होतं ते नंतर सांगतो.

सर्व्हर म्हटलं की डोळ्यासमोर येतात एसीच्या थंडगार खोल्या आणि लुकलुकणारे दिवे. प्रत्यक्षात सर्व्हर म्हणजे सतत चालू राहणारा आणि विचारलं की उत्तर देणारा संगणक, बस. मुलाने इंजिनिअरिंगला वापरलेला, बिजागरी ढिली झालेला, आता कपाटावर धूळ खात पडलेला लॅपटॉप या कामाला उत्तम. आठ जीबी रॅम असली की पुष्कळ. असा लॅपटॉप निवांत चालताना पंधरा वॉटच्या आसपास वीज घेतो असं धरलं, तर चोवीस तास चालू ठेवून महिन्याला अकरा युनिटही होत नाहीत. छताचा जुना पंखा त्याहून जास्त ओढतो. शिवाय लाइट गेली तर त्याची स्वतःची बॅटरी असते. राउटर तेवढा इन्व्हर्टरवर घ्यायचा. मे महिन्यात त्याला कपाटावरून खाली, हवा खेळेल अशा जागी आणायचं, कारण आपल्याकडचा पारा चाळिशी सहज ओलांडतो.

त्यावर लिनक्स चढवायचं आणि लिनक्सवर इमिच नावाचं सॉफ्टवेअर. ॲलेक्स ट्रॅन या अमेरिकेतल्या प्रोग्रामरने २०२२ च्या सुरुवातीला, घरात नुकतंच बाळ आलेलं असताना, कुटुंबाचे फोटो कुणा कंपनीच्या हवाली करायचे नाहीत म्हणून ते लिहायला घेतलं. पुढे जगभरचे लोक हातभार लावत गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची स्थिर आवृत्ती आली. गुगल फोटोज जे करतं ते बहुतेक सगळं हे करतं, फक्त तुमच्या कपाटाशेजारी.

‘सगळं’ म्हणजे काय, हे जवळून बघण्यासारखं आहे. फोन घरच्या वायफायच्या टप्प्यात आला की नवे फोटो आपोआप लॅपटॉपवर उतरतात. प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि बहुधा अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. ते वाचून फोटो नकाशावर जाऊन बसतात. मग यंत्र चेहरे शोधतं. प्रत्येक चेहऱ्याची ते ५१२ आकड्यांची एक ओळ करतं. त्याला नाक-डोळे कळत नाहीत, आजी आणि आत्या कळत नाहीत. दोन ओळींतले आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत एवढंच कळतं. जवळजवळच्या ओळींचा एक गठ्ठा होतो. तुम्ही त्या गठ्ठ्याला एकदा ‘आजी’ असं नाव दिलंत की वीस वर्षांतली आजी, चष्म्यातली, बिनचष्म्यातली, लग्नाच्या गर्दीत तिसऱ्या रांगेत अर्धी झाकलेली, एका ओळीत समोर उभी राहते. बहिणींत गल्लत होते, मायलेकींतही होते. नातेवाइकांचीही होतेच की.

याहून अजब प्रकार शोधाचा. जानेवारी २०२१ मध्ये ओपनएआयने ‘क्लिप’ नावाची रीत जाहीर केली. चित्र आणि वाक्य दोन्हींचं आकड्यांच्या ओळीत असं रूपांतर करायचं की ‘पावसात छत्री’ या शब्दांची ओळ आणि पावसातल्या छत्रीच्या फोटोची ओळ शेजारी शेजारी पडावी. फोटोला कुणी नाव दिलेलं नसतं, कुठे काही लिहिलेलं नसतं. इमिचमध्ये अनेक भाषा जाणणारं मॉडेल निवडता येतं, आणि अशा काही मॉडेलांना मराठीही येते. शोधाच्या चौकोनात ‘लाल साडी आणि दिवे’ असं देवनागरीत लिहायचं आणि एंटर दाबायचं. लॅपटॉपचा पंखा जरा घरघरतो आणि कधीकाळच्या लक्ष्मीपूजनाचे फोटो समोर येतात. नेहमीच अचूक येतात असं नाही, मध्येच एखादा टोमॅटोचा ढीगही येतो. पण हे सगळं इंटरनेटची तार काढून ठेवली असताना घडतं! ज्या बुद्धीसाठी आपण आपली अख्खी घरगुती चित्रगाथा परदेशी पाठवत होतो, ती बुद्धी जुन्या लॅपटॉपात मावते, हे पहिल्यांदा बघताना मी तरी तोंडात बोट घातलं.

आता खरी मेख. तुम्ही आहात वाळूजच्या एमआयडीसीत, लॅपटॉप सिडकोत. फोनला घर सापडणार कसं?

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे चौथ्या आवृत्तीचे पत्ते आहेत ४२९ कोटी. ही पद्धत १९८१ मध्ये पक्की झाली तेव्हा एवढे पत्ते डोक्यावरून पाणी वाटले असतील. आज एकट्या भारताचीच लोकसंख्या १४० कोटींवर आहे आणि घरात माणसांपेक्षा यंत्रं जास्त. म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता शेकडो गिऱ्हाइकांत वाटतात. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘वॅन आयपी’ पाहा. तो १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असेल, तर तुमच्या घराला स्वतःचा पत्ताच नाही. घरातून बाहेर जाता येतं. बाहेरून घरी कुणाला येता येत नाही. आपण इंटरनेटवर राहतो ते असे, नुसते घेणारे म्हणून.

पण यातूनही वाट निघते, आणि ती फार सुंदर आहे. राउटरचा एक नियम असतो: आतून कुणी बाहेर निरोप पाठवला, तर त्याचं उत्तर आत येऊ द्यायचं आणि बाकीच्यांना बाहेरच थोपवायचं. आता वाळूजमधला फोन आणि सिडकोतला लॅपटॉप हे दोघेही एका तिसऱ्या, सार्वजनिक पत्ता असलेल्या संगणकाला विचारतात, ‘बाहेरून मी तुला कुठल्या पत्त्यावर, कुठल्या दारावर दिसतो?’ तो दोघांना एकमेकांची ठिकाणं कळवतो. मग दोघेही जवळपास एकाच वेळी एकमेकांच्या दिशेने निरोप सोडतात. पहिला निरोप पलीकडे बहुधा अडतो, पण जाता जाता आपल्या बाजूचं दार किलकिलं करून जातो. पलीकडून आलेला निरोप बघून राउटरला वाटतं, हे तर मघाशी पाठवलेल्याचं उत्तर, आणि तो त्याला आत घेतो. दोन्ही पहारेकऱ्यांची एकाच क्षणी समजूत होते की सुरुवात आपल्या माणसाने केली होती. रस्ता जुळला. तिसऱ्याचं काम संपलं. फोटो त्याच्याकडून जातच नाहीत. अभियंते याला ‘होल पंचिंग’ म्हणतात. काही नेटवर्कांवर ही युक्ती चालत नाही, तेव्हा मधल्या संगणकातून वळसा घ्यावा लागतो, पण तोही कुलूपबंद.

कुलूप म्हणजे वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्डने लिहिलेला हा प्रोग्राम मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. त्याचा मूळ भाग जेमतेम चार हजार ओळींचा आहे; त्याच्या आधीच्या अशा प्रोग्रामांच्या ओळी लाखांत मोजाव्या लागत. लहान असल्यामुळे तो तपासता येतो, हेच त्याचं मोठेपण. दोन यंत्रं उघड्या तारेवर काही आकडे एकमेकांना पाठवतात, आणि ते आकडे संपूर्ण ऐकणाऱ्यालाही सापडणार नाही अशी एक गुप्त किल्ली दोघांकडे तयार होते. हे गणित १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडलं. मी ते अनेकदा समजून घेतलं आहे. पटतं, पण विश्वास बसत नाही. टेलस्केलसारखी सेवा ही सगळी जुळवाजुळव करून देते. ज्यांना तो मधला मध्यस्थही आपलाच हवा त्यांच्यासाठी हेडस्केल आहे.

आणि पत्त्यांचा दुष्काळ संपवणारी सहावी आवृत्ती तर आपल्या हातात येऊनही पडली आहे. २०१६ मध्ये जिओ ती सोबत घेऊनच आलं, आणि आज तिच्या वापरात भारत जगात अगदी पुढच्या रांगेत आहे. या आवृत्तीत एका घराच्या जाळ्याला साधारणतः जेवढे पत्ते मिळतात, त्यांत जुनं अख्खं इंटरनेट ४२९ कोटी वेळा मावेल. सिडकोतल्या एका फ्लॅटची ही श्रीमंती!

खरं तर इंटरनेट जन्माला आलं ते असंच, बरोबरीच्यांचं म्हणून. आपल्याकडची सुरुवात मुंबईची. ‘अर्नेट’ प्रकल्पात १९८६-८७ च्या सुमाराला जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवघेव सुरू झाली. एनसीएसटीचे प्रमुख होते श्रीनिवासन रमणी, ज्यांचं नाव २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये गेलं. जुहूचं टपाल जुहूच्या यंत्रावर, पवईचं पवईच्या. मध्ये कुणी सावकार नव्हता. ‘डॉट इन’ या देशाच्या नावाचा कारभारही २००५ पर्यंत त्याच जुहूच्या संस्थेकडे होता. आणि वाळूज-चिकलठाण्याच्या एखाद्या छोट्या शॉपमध्ये आजही टॅली कोपऱ्यातल्या एका मशीनवर चालते आणि बाकीचे टेबलावरून त्यालाच जोडलेले असतात. मालकाला सेल्फ-होस्टिंग हा शब्द सांगितला तर तो म्हणेल, आम्ही नाही बुवा त्यातले. मुंबईच्या रुशभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायासाठी लिहायला घेतलेलं ईआरपीनेक्स्ट आज जगभर वापरलं जातं. त्याचा कोड खुला आहे. हिशेब, स्टॉक, पगार सगळं आपल्याच मशीनवर बसवता येतं.

एवढा खटाटोप का करायचा, याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असेल. मला सगळ्यात बोलकी वाटते ती नायरा एनर्जीची गोष्ट. गुजरातेत वाडिनारला त्यांची रिफायनरी आहे, आणि कंपनीत रशियन तेल कंपनीचा मोठा वाटा. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने त्यांच्यावर निर्बंध लादले आणि चारच दिवसांत मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवल्या. मेल बंद, टीम्स बंद. पैसे भरलेले होते, भारतीय कायद्याचा कसलाही भंग नव्हता, तरी कर्मचाऱ्यांना स्वतःच्याच पत्रव्यवहारात शिरता येईना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तोवर मेलसाठी मुंबईच्या रेडिफचा आधार घेतला, आणि महिनाअखेरीस सेवा परत सुरू झाल्या. निर्बंध बरोबर की चूक हा वेगळा विषय. कुलपाची किल्ली कुणाकडे असते, ते त्या आठवड्यात देशभर कळलं. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने त्याच वर्षी आपल्या चाळीस हजारांहून जास्त मेलपेट्या मायक्रोसॉफ्टकडून काढून खुल्या सॉफ्टवेअरवर नेल्या, त्यामागे ही धास्ती होतीच.

घरगुती पातळीवर गोष्टी एवढ्या नाट्यमय नसतात. गुगल फोटोजची ‘कितीही ठेवा, फुकट ठेवा’ ही सोय १ जून २०२१ ला संपली. त्यानंतरचे फोटो मेल आणि ड्राइव्हसकट १५ जीबीत बसवायचे आणि ‘स्टोरेज फुल’च्या सूचना मोजायच्या. व्हॉट्सॲपवरचा मजकूर एप्रिल २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळा बोलता हे कुलपाबाहेर राहतं. २०२१ च्या धोरणातून ही माहिती मूळ कंपनीकडे वळवण्याचा जो घाट घातला गेला, त्यासाठी भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला आणि प्रकरण अपिलात गेलं. याउलट सिग्नलचं बघा. त्यांना २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयाकडून दोन नंबरांची माहिती मागणारा हुकूम आला, तेव्हा ज्याचं खातं होतं त्याच्याबद्दल त्यांनी दोनच गोष्टी दिल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. लपवलं काहीच नाही. त्यांच्याकडे देण्यासारखं एवढंच होतं.

आता टाकी धुण्याची कटकट. हार्ड डिस्क मरते. आज ना उद्या नक्की मरते, आणि तेव्हा तक्रार करायला कुणी नसतं. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक प्रत घराबाहेर, असा जुना नियम आहे. घराबाहेरची प्रत कुलूपबंद करून पुण्याला मावशीच्या घरी ठेवायची. मावशीला ती उघडता येणार नाही, आणि तिच्या फोटोंची प्रत आपल्याकडे. बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही. तो परत उघडून पाहावा लागतो. सॉफ्टवेअर वेळच्या वेळी ताजं ठेवावं लागतं, नाहीतर घरातला सर्व्हर चोरांचं घर होतो. आणि सगळे पासवर्ड एकट्या नवऱ्याच्या डोक्यात असतील तर त्याला खाजगीपणा म्हणत नाहीत, बेजबाबदारपणा म्हणतात. एका बंद पाकिटात ते लिहून कपाटात ठेवावेत आणि घरच्यांना जागा सांगावी.

काही कामांच्या वाटेला मात्र जाऊच नये. ई-मेल त्यातलं पहिलं. घरच्या पत्त्यावरून निघालेली मेल मोठ्या कंपन्या सरळ स्पॅममध्ये टाकतात, कारण असे पत्ते आधीच संशयितांच्या यादीत असतात. जुहू-पवईच्या काळची ती बरोबरी आता उरली नाही. यूपीआय घरी बसवता येत नाही आणि बसवूही नये. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपातून बाणेदारपणे बाहेर पडलात तर पाण्याचा टँकर कधी येणार हे कळणार नाही. गुगलशी काडीमोडच घेतला पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पण त्यांचा सल्ला मी ऐकत नाही. फोटो, कागदपत्रं, नकाशे आणि घरातल्या घरात होणारी देवघेव एवढं आपल्या छताखाली आलं तरी खूप झालं.

कायद्याची भीती नको. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक व घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती स्वतःच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. आजीचे फोटो ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि हे फक्त शहरातल्या फ्लॅटवाल्यांचं कौतुक आहे असंही नाही. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात आज लाखाच्या आसपास लेख आहेत. किविक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर तो अख्खा विकिपीडिया, चित्रांसकट, एका फाइलमध्ये बांधून देतं; फाइल पेनड्राइव्हवर मावते. हाताच्या पंजाएवढा रास्पबेरी पाय किंवा असाच एखादा निवृत्त लॅपटॉप, त्यावर किविक्स आणि एक वायफाय, एवढ्यावर कन्नड-सोयगावकडच्या रेंज नसलेल्या वस्तीशाळेतल्या मुलांना वर्गात बसून तो वाचता येतो, तोही रिचार्जशिवाय आणि जाहिरातीशिवाय. तुमच्या नात्यात, ओळखीत जिल्हा परिषदेचे कुणी गुरुजी किंवा बाई असतील तर या दिवाळीत कपाटावरचा लॅपटॉप भंगारवाल्याला देऊ नका. त्यावर एवढं एक बसवा आणि त्यांच्या हवाली करा. बसवायला एक संध्याकाळ पुरते.